चंद्रीची रेंज

लाखेचा वास आला की मला ती सकाळ आजही आठवते. मुद्देमालाच्या पाकिटावर लाख लावून सील करायची आमच्या खात्याची जुनी पद्धत. त्या दिवशी मी स्वतः शेजारी उभं राहून एका पाकिटावर लाख लावून घेतली. त्या पाकिटात नेमकी तीच वस्तू होती जिच्यावाचून एक बाई सापडणार नव्हती. नोकरीत चुका पुष्कळ झाल्या, बऱ्याचशा मी सोयीस्करपणे विसरलो. ही एक मात्र मी आपणहून लोकांना सांगतो.

मी तेव्हा कोयना खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोलीस निरीक्षक होतो. मे महिना होता. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही.

"साहेब, आमच्या गल्लीतलं सुभेदार हायती न्हवं, त्यांची मंडळी काल दुपारपासनं दिसंना. आन् सुभेदारानं परसात चर खणून परत बुजवलाय. आमी काय म्हनत न्हाई, पर तुमी एकदा बघा."

'आमी काय म्हनत न्हाई' असं म्हणणाऱ्याला सगळंच म्हणायचं असतं, हा माझा अनुभव. स्टेशन डायरीत नोंद करायला सांगून मी दोन अंमलदार घेऊन निघालो.

या सुभेदारांना मी ओळखत होतो. फौजेत सिग्नलमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेला, वाळक्या अंगाचा, ताठ माणूस. आमच्या ठाण्याच्या वायरलेसचा खांब एका बाजूला कलला आहे, हे मला येऊन सांगणारा गावातला तो एकमेव नागरिक. नुसतं सांगून थांबला नाही, दुसऱ्या दिवशी स्वतःचा पाना घेऊन आला. घरोघरी वायफाय बसवून द्यायचा त्याला नाद होता. गल्लीत कुणी नवं कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस डबा टेकवून निघून जायचा आणि मग सुभेदार स्टूल घेऊन हजर व्हायचे. डबा कुठल्या भिंतीवर, किती उंचीवर, अँटेना कुठल्या तोंडाने, सगळं त्यांच्या हुकमाने व्हायचं. एका बाबतीत मात्र ते हट्टी होते. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड तेच ठरवणार. प्रत्येक घरात नाव एकच, 'चंद्री'. ही त्यांची म्हैस. मरून सहा वर्षं झाली होती. अख्ख्या गल्लीच्या मोबाइलवर म्हशीचं नाव झळकायचं आणि लोक हसून सोडून द्यायचे, कारण काम फुकटात व्हायचं.

आम्ही पोहोचलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मला बघून उठून उभे राहिले. पायाला चिखल, बनियनवर माती, आणि दाढी वाढलेली. माझं लक्ष त्या दाढीवर गेलं. फौजेतला माणूस मयताच्या घरी जातानाही दाढी करून जातो.

"मंडळी कुठं आहेत?" मी विचारलं.

"म्हायेरी गेल्यात, साहेब. कुंडलला."

उत्तर फार पटकन आलं. खरं बोलणारा माणूस थोडा चाचरतो, काल गेली की परवा हे आठवतो. पाठ केलेलं उत्तर तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नंबर लिहिलेले होते, त्यात 'पाव्हणं कुंडल' असा एक होता. मी बाहेर अंगणात येऊन तो लावला. बाईंचा धाकटा भाऊ बोलला. द्राक्षबागायतदार माणूस, मोकळा आवाज.

"आक्का? न्हाई बा. हिकडं कुठं आली? का वं, कोन बोलतंय?"

काहीतरी थातुरमातुर सांगून मी फोन ठेवला. खोटं पकडलं गेलं होतं. परसात जाऊन बघितलं तर मागच्या दारापासून जुन्या गोठ्यापर्यंत वीस-बावीस फूट लांब चर खणून ताज्या मातीने बुजवलेला. इथं काहीतरी पुरलंय असं वाटायला एवढं कुणालाही पुरेसं होतं, आणि मी तर पोलीसच.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. सुभेदारांना ठाण्यावर आणलं. पंचांसमक्ष त्यांचा मोबाइल आणि खिशातली एक छोटी वही ताब्यात घेतली. वही वाचायला बाहेर ठेवली, मोबाइल बंद करून पाकिटात घातला आणि त्या पाकिटावर ती लाख लावली. "साहेब, फोन तेवढा चालू ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. का, ते सांगेनात. आणि ज्या गोष्टीचं कारण आरोपी सांगत नाही ती गोष्ट करायची नाही, असं मला शिकवलेलं होतं. मी पाकीट कपाटात टाकून कुलूप लावलं.

तिकडे त्यांच्या घरी चर उकरायला घेतला. गल्ली कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसली होती. दोन पंच नाकाला रुमाल लावून उभे. दीड फुटावर कुदळ कशाला तरी लागली, सगळ्यांनी श्वास धरला, आणि निघाली पिवळी प्लॅस्टिकची पाइप. पाइपमधून इंटरनेटची वायर गोठ्यापर्यंत गेलेली. वायरच्या टोकाला, चंद्रीच्या रिकाम्या गव्हाणीवर, खोक्यातून नुकताच काढलेला दुसरा वायफायचा डबा. पंचांची निराशा मला फोनवरूनही कळली.

मग बाई कुठं? मी वही उघडली, आणि मघाशी जरा सैल झालेला संशय पुन्हा आवळला. पानापानावर तारखा, आणि त्याखाली अशा ओळी होत्या: 'सकाळी ९.४० शिंपी. १०.०५ परत. ११.२० डेअरी, १५ मिनिटं. ४.३० शाळामास्तर. घरी आणली.' रोजच्या दिवसाचा असा हिशोब, दीड वर्षाचा. आपल्या साठीच्या बायकोच्या मिनिटामिनिटाच्या हालचाली हा माणूस लिहून ठेवत होता. बायकोवर संशय घेणारे नवरे मी पुष्कळ पाहिले होते. त्यातले काही खुनापर्यंत गेलेले होते.

मी वही त्यांच्यासमोर आपटली. "सुभेदार, बायकोवर पाळत ठेवता? लाज नाही वाटत?"

ते वहीकडे बघत राहिले. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, सगळे प्रकार केले. एक तास गेला. माणूस खांबासारखा बसून. फक्त मधूनच विचारायचा, "वाजलं किती?"

आमच्या ठाण्यात एक महिला पोलीस शिपाई होती. नवी होती, पण चौकस; सकाळी मी सुभेदारांच्या घरी नेलेल्या दोघांत तीही होती. चहा ठेवून जाताना ती मला बाहेर बोलावून म्हणाली, "सर, ते मला तीनदा टाइम विचारून झाले. आणि घरात फ्रीज उघडला तेव्हा वरच्या कप्प्यात इन्शुलिन होतं. डबीवर बाईंचं नाव आहे. त्या माहेरी गेल्या असत्या तर इन्शुलिन घेऊन गेल्या नसत्या का?"

मी आत जाऊन खुर्ची टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, त्यांच्या शेजारी घेतली. आवाज खाली आणला. "सुभेदार, इंजेक्शन कोण देतं त्यांना?"

"मी." पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "सकाळ-संध्याकाळ मीच देतो. कालचं संध्याकाळचं चुकलं. आत्ताचं बी चुकलं. साहेब, दोन चुकली."

आणि मग ते बोलले. दोन वर्षांपासून बाईंना विसर पडत होता. आधी गॅस, मग नावं, मग रस्ता. पोरगा तिकडे सीमेवर, त्याला त्या दिवसातून पंधरा वेळा फोन करायच्या आणि फोन केलेला विसरून पुन्हा करायच्या, म्हणून सुभेदारांनी त्यांच्या मोबाइलचं सिम काढून ठेवलं होतं. घरातल्या वायफायवर पोराशी व्हिडिओ कॉल तेवढा व्हायचा. चांगल्या शुद्धीत असताना एके दिवशी बाईंनी नवऱ्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "म्हनली, कुनाला सांगू नगा. पोराला न्हाई, गल्लीत न्हाई. आन् माझ्या म्हायेरी तर अजाबात न्हाई. तिकडं मी शानी म्हनून हाय, शानीच राहू द्या."

म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, पोलिसालाही नाही. त्याऐवजी आपल्याला येत होतं ते केलं. गल्लीतल्या चौदा घरांत एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं वायफाय बसवलं. बाई चालत चालत कुणाच्या दारावरून गेल्या की त्यांचा मोबाइल आपोआप त्या घराच्या चंद्रीला जोडला जायचा, आणि कुठल्या घराला जोडला ते सुभेदारांना आपल्या मोबाइलवर दिसायचं. मग ते पिशवी घेऊन, सहज निघाल्यासारखे तिथे जायचे. "चला, भाजी आनायला," म्हणायचे, आणि घरी आणायचे. गल्लीला वाटायचं, म्हातारपणी नवरा-बायकोचं प्रेम ऊतू चाललंय. तेही खरंच होतं म्हणा.

दुसऱ्याच्या घरातल्या यंत्राची चावी अशी स्वतःकडे ठेवणं कायद्यात बसत नाही, हे मी तेव्हाही जाणत होतो. ते मी डायरीत लिहिलं नाही.

फक्त परसात एक जागा अशी होती जिथे रेंज जात नव्हती. गोठ्याकडची. तिथून बाई एकदा निसटल्या होत्या. म्हणून सुभेदारांनी काल तो चर खणायला घेतला. मोबाइल घरात चार्जिंगला लावून ते मागे खणत होते आणि बाई पुढच्या दाराने गेल्या. मोबाइलवरच्या यादीत शेवटची नोंद होती गल्लीच्या टोकाच्या, एसटी स्टँडजवळच्या घराची. त्यानंतर काही नाही. त्यांनी अंधार पडेपर्यंत आणि पुन्हा पहाटेपासून नदीचा काठ, रान, देवळं पालथी घातली. मध्येच परत येऊन चर बुजवला, कुणी पडायला नको म्हणून.

"फोन लावला होता का त्यांना?"

"शंभर बार. 'कॉलिंग' म्हनतोय, 'रिंगिंग' न्हाई म्हनत. म्हंजे त्यो फोन कुठल्याच नेटवर न्हाई. नेटवर आला तर घंटी जाईल. म्हनून तर म्हनलं, साहेब, फोन चालू ऱ्हाऊ द्या."

मी कपाटाकडे बघितलं. खरं तर सील उघडायला पंच पुन्हा बोलवायला हवे होते, पंचनामा करायला हवा होता. मी अंगठ्याच्या नखाने लाख खरवडली. नखाखाली शिरलेला तो लाल कण दोन दिवस टोचत होता.

मोबाइल चालू झाला. सुभेदारांनी बाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल टेबलावर आडवा ठेवला. आम्ही दोघं आणि ती महिला शिपाई त्यावर वाकलो. 'कॉलिंग'. आणि दुसऱ्याच क्षणाला, 'रिंगिंग'.

सुभेदार खाडकन उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "साहेब! घंटी जातीया! ती नेटवर हाय!"

उचलला मात्र नाही कुणी. त्यांनी गल्लीची यादी उघडली. चौदाच्या चौदा घरं तपासली. कुठेच बाईंचा मोबाइल नव्हता. "मग जोडला कुठं?" ते स्वतःशीच म्हणाले. सिम नसलेला मोबाइल ओळखीच्या वायफायशिवाय जोडला जात नाही, आणि त्या मोबाइलची ओळख फक्त चंद्रीशी.

"आणखी कुठे बसवलंय तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "कुंडलला. दिवाळीत. पाव्हण्यांच्या घरी. त्यो डबा जुना हाय, हिथनं दिसत न्हाई."

"पण तो भाऊ म्हणाला, इकडे नाही आली."

"साहेब, त्यांना विचारा, लाइट कवा आली."

मी पुन्हा कुंडलला फोन लावला, सुभेदार शेजारीच आहेत म्हणून सांगितलं आणि स्पीकरवर टाकला. भाऊ वैतागलेला होता. काल दुपारी सुटलेल्या वाऱ्याने तारा तुटल्या होत्या, रात्रभर गावात वीज नव्हती, आताशी नऊच्या पुढे आली होती. म्हणजे मी पाकिटाला लाख लावत होतो, साधारण त्याच सुमाराला कुंडलचा डबा जागा झाला होता. तेव्हापासून अडीच तास ती घंटी वाजली असती, वाजवणारा मोबाइल माझ्या कपाटात कुलपात होता.

"दाजी, काय झालंय ते तरी सांगा. आक्का कुठं हाय?"

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काय करायचं होतं ते मला कळत होतं. मी ते त्यांच्यावरच सोडलं, कारण ती शपथ माझी नव्हती.

"पाव्हणं," ते म्हणाले, आणि थांबले. मग एका दमात बोलून टाकलं. "तुमच्या आक्काला इसार पडतोय. दोन वर्सं झाली. मला सुदिक कवा कवा वळखत न्हाई. तिनं सांगू नगा म्हनलं हुतं. ती हितनं निघून गेलीया आन् तुमच्याच घरापाशी हाय. डब्यापासनं तीस पावलांत. बघा, माझ्या बा, बघा."

पलीकडून चपलांचा आवाज, हाका, "आक्का! ए आक्का!" सुभेदारांनी एकीकडे पुन्हा कॉल लावला. रिंगिंग. पलीकडून धावता आवाज आला, "दाजी, वाजतंय! मागं वाजतंय! बेदाण्याच्या शेडमधी!"

बेदाण्याचा हंगाम संपलेला, शेड रिकामं, तिकडे कुणी फिरकत नव्हतं. बाई आदल्या दिवशी एसटीने कराडला गेल्या, तिथे बरोबर गाडी बदलून कुंडलला उतरल्या आणि पोरपणी ज्या पायवाटेने यायच्या त्याच मागच्या वाटेने आल्या. दुपारी चहा घेतलेला सांगता येत नव्हता, पण ती वाट चुकली नाही.

आणि तेवढ्यात सुभेदारांच्या मोबाइलचा पडदा उजळला. आधी पत्र्याचं छप्पर दिसलं, मग तिरका, अर्धा चेहरा. विस्कटलेले पांढरे केस, ओठ कोरडे पडलेले, कपाळावरचं कुंकू जागच्या जागी.

"आवं, किती येळ वाजवताय?" बाई म्हणाल्या. "जेवला का?"

सुभेदारांनी नुसती मान हलवली, हो म्हणून. काल सकाळपासून त्या माणसाच्या पोटात आमच्या ठाण्याच्या चहाशिवाय काही नव्हतं. महिला शिपाई तोंड फिरवून खिडकीपाशी गेली. मी भावाला डॉक्टर बोलवायला सांगितलं आणि कुठलं इंजेक्शन किती, ते सुभेदारांनी सांगितलं. मग जीप काढायला सांगून मी संडासात जाऊन तोंड धुऊन आलो. इन्स्पेक्टरने ठाण्यात रडायचं नसतं, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही.

मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची तक्रार, दाखल झाली नव्हती, त्यामुळे कागदावर हे प्रकरण म्हणजे डायरीतल्या दोन ओळी. पण त्यानंतर माझी चौकशीची तऱ्हा बदलली. लपवणारा माणूस दिसला की आधी मी त्याने काय केलं असेल याचा विचार करायचो. नंतर नंतर मी हेही विचारू लागलो, की याने कुणाला काही कबूल केलंय का? प्रत्येक वेळी उपयोग झाला असं नाही. काही वेळा मात्र एखाद्याला कानशिलात बसायची ती टळली. आणि ज्याचा माणूस हरवलाय त्याचा मोबाइल मी पुन्हा कधी बंद केला नाही.

निवृत्त होऊन मी साताऱ्यात घर बांधलं. वायफाय घ्यायचं ठरलं तेव्हा सुभेदारांना कळवलं. ते बाईंना घेऊन, पाना आणि स्टूलसकट एसटीने आले. स्टूल माझ्या घरी आहे, असं सांगूनही ऐकलं नाही. भिंत ठोकून बघितली, डब्याची जागा माझ्या बायकोने फुलदाणीसाठी राखलेली होती तीच निवडली आणि तिने मुकाट्याने फुलदाणी हलवली. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, नाव काय द्यायचं?"

"चंद्री," मी म्हणालो. "पासवर्डही तुमचाच."

ते भिंतीकडे तोंड करून, आधीच घट्ट बसलेला एक स्क्रू बराच वेळ आवळत राहिले.

मुलगा पुण्याहून आला की कुरकुर करतो, बाबा, हे काय नाव, आणि पासवर्ड इतक्या घरांत माहीत असणं धोक्याचं आहे. पोलिसाच्या पोराने असं म्हणणं बरोबरच आहे. मी बदलत नाही.

दर दोन महिन्यांनी सुभेदार बाईंना इथल्या डॉक्टरांकडे दाखवायला आणतात आणि मग आमच्याकडे जेवायला येतात. बाई आता मला ओळखत नाहीत. दर वेळी विचारतात, हे कोण, आणि सुभेदार दर वेळी नव्याने ओळख करून देतात, "हे साहेब, आपल्यातलेच." पण जोडलेल्या मोबाइलांची यादी कशी बघायची ते त्यांनी मला शिकवून ठेवलंय. डॉक्टरांच्या तारखेला मी सकाळपासून ती उघडून बसतो. अकराच्या सुमाराला बाई कोपऱ्यावर वळल्या की त्यांचा मोबाइल आपणहून माझ्या घराला जोडला जातो. मी बायकोला पानं घ्यायला सांगतो, आणि बेल वाजायच्या आधी दार उघडून उभा राहतो.